तवशीच्या वेलीनं धरलेली करंगळी

वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, त्यात डावा हात लुळा पडला. रत्नागिरीच्या हॉस्पिटलातून घरी आणल्यावर व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं बजावलं होतं, दर तासाला एकेक बोट उघडायचं, मिटायचं; नाहीतर हात आखडेल तो कायमचा. झालं, मी घरात मुकादमच झालो. "केलंस का?" विचारून बायकोला भंडावून सोडलं. शेवटी ती वैतागून म्हणाली, "रविवारी तुम्हीच करा, मग कळेल." मीही फुशारकीनं हो म्हटलं.

त्या रविवारी ती राजापूरला माहेरी गेली. नऊ वाजता मी बाबांना पडवीच्या कडेला, काकड्या लटकलेल्या तवशीच्या मांडवापाशी, खुर्चीत बसवलं. डावा हात खुर्चीच्या दांडीवर नीट ठेवला आणि पेपर तपासायला आत गेलो, पाच मिनिटांत येतो म्हणून. मध्येच शाळेच्या ग्रुपवर कसलासा वाद पेटला, त्यात मीही हिरीरीनं उतरलो.

बाहेर आलो आणि जागीच थिजलो. वेलीच्या एका तणाव्यानं, त्या दोऱ्यासारख्या हिरव्या तंतूनं, बाबांच्या करंगळीला दोन वेढे घातले होते.

मी विज्ञानाचा मास्तर. आधी हरखलोच. फोटोसुद्धा काढला. वर्गात घसा कोरडा करून सांगतो तेच समोर घडलं होतं. वेलीला उभं राहण्याजोगं खोड नसतं, उजेड तर हवा असतो. म्हणून ती तणावा हवेत फिरवत आधार चाचपते. काही लागलं की लागलेली बाजू कमी वाढते, पलीकडची जास्त, आणि तो वळत जातो. पण वस्तू एका जागी टिकायला हवी, आणि असे दोन वेढे बसायला तास जातात.

तास. घड्याळात एक वाजायला आला होता. चार तासांत त्या बोटांना मी एकदाही शिवलो नव्हतो. माझ्या बापाला वेलीनं खांब समजून धरलं होतं. आणि उजव्या हातानं तो तणावा बाबांना सहज काढता आला असता. त्यांनी काढला नव्हता.

शरमेनं मी तो सोडवायला गेलो. बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांची जीभ अजून जड होती. शब्द सुटे सुटे आले.

"राहू दे रे. सकाळपासून तीच तेवढी आली."

रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.