काउंटरच्या अलीकडची बाई

ठेंगूची उंची किती, हा प्रश्न तिच्या घरात कधी निघाला नाही. बाप शिंपी. "माझ्या लेकीला कापड कमी लागतं, बाकी सगळं तिच्यात जरा जास्तच आहे," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवी. ठेंगू हे नाव थोरल्या भावाने ठेवलेलं. पण बाहेरच्या कुणी तशी हाक मारली, तर तोच त्याची गचांडी धरायला धावे.

पाणीपुरवठा खात्यात कारकुनाच्या मुलाखतीला ती गेली, तेव्हा साहेब कागदात डोकं खुपसून म्हणाले, "उभ्या राहा जरा."

"उभीच आहे, साहेब."

साहेबांनी समोर पाहिलं, मग खाली पाहिलं आणि नोकरी दुसऱ्याला दिली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. लोकांवर छाप पडायला हवी, असं कारण सांगण्यात आलं.

"पुरे झाली ही शोभा," आई म्हणाली. "बाबांच्या दुकानात बस, काजं कर."

"करीन की. नोकरी लागली की सुट्टीच्या दिवशी."

तिसऱ्या वर्षी तिने लेखी परीक्षेत पहिला नंबर काढून साहेबांची चांगलीच पंचाईत केली. नोकरी द्यावी लागली. पण साहेबही कच्चे नव्हते. त्यांनी तिला तळघरात, मोडक्या नळांच्या भांडारात बसवलं. तिथे नळांवर छाप पाडायची सोय होती.

वरचं काम मागायला ती रोज जिना चढून साहेबांच्या दारात उभी राहू लागली. शेवटी ते वैतागले. "तक्रारीच्या खिडकीवर महिनाभर बसून दाखवा. जमलं तर नोकरीत कायम. नाही जमलं, तर जन्मभर तळघर. कबूल?"

"कबूल."

साहेब निर्धास्त होते, कारण तो काउंटर उंचापुऱ्या माणसाच्याही छातीला लागे.

पहिल्या दिवशी लोक आले, आत डोकावले आणि "इथे कुणीच नाही वाटतं," म्हणत परतू लागले. "आहे, आहे, बोला," असा खालून आवाज आल्यावर एक आजोबा इतके दचकले, की आपली तक्रारच विसरले. शेजारच्या खिडकीवरच्या कारकुनाला दया आली. त्याने उशा आणून दिल्या. ठेंगू उशांच्या ढिगावर चढून बसली आणि एका बाईला "पाणी उद्या नक्की येईल," असं सांगता सांगता घसरून दिसेनाशी झाली. सगळा हॉल हसला. ठेंगू जमिनीवरून उठली, साडी झटकली आणि तिने वाक्य पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाला हाताशी धरून तिने आपलं टेबल उचललं आणि काउंटरच्या बाहेर, लोकांच्या बाजूला मांडलं.

साहेब धावत आले. "हे काय चाललंय? कर्मचारी काउंटरच्या आत बसतो."

"का बरं?"

"का म्हणजे? लोक अंगावर येतील."

"येऊ देत की. पाणी आलं नाही, तर दुसरं कोण येणार?"

लोक आले. म्हाताऱ्यांनी बाक ओढून घेतला, बायकांनी कडेवरची पोरं तिच्या टेबलावर बसवली आणि पाइप फुटल्याची हकिकत सगळ्यांनी एकदम सांगितली. बाकीच्या खिडक्या ओस पडल्या. उशा देणारा कारकून तर शब्दकोडी सोडवू लागला.

महिना संपला. भरल्या हॉलमध्ये येऊन साहेब म्हणाले, "आत तरी बसा, नाहीतर तळघरात चला."

"तळघरात जाते," ठेंगू म्हणाली. "फक्त कारण लेखी द्या."

साहेबांनी तिच्याच टेबलावर कागद ठेवला, पेन उघडलं आणि विचारात पडले. रांगेतले निवृत्त मास्तर मदतीला सरसावले. "लिहा साहेब, मी सांगतो. सदर बाई लोकांना दिसतात, लोकांचं ऐकतात, सबब त्यांना खाली..."

रांग फिदीफिदी हसली. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी तो कागद चुरगळला आणि नोकरीत कायम करण्याच्या कागदावर सही ठोकली.

"बदली करतो तुमची," ते दातओठ खात म्हणाले.

"करा. तिथेही टेबल बाहेरच लागेल."

बदली झाली. टेबल बाहेर लागलं. पुन्हा बदली, पुन्हा टेबल बाहेर. असं करत करत तिला बढत्या मिळाल्या आणि नावापुढे ताई लागलं. आता ठेंगूताई त्या खात्याची प्रमुख आहे. सोबत मिळालेली केबिन तिने पिण्याच्या पाण्याच्या मशीनला देऊन टाकली आणि स्वतः हॉलमध्ये बसते. भेटायला आलेली बडी माणसं गोंधळून इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, "आम्ही कुठे बसायचं?"

"रांगेत," ताई सांगते, आणि पुढच्या माणसाला बोलावते.