गिटारवाल्याचा सत्कार

अकरावीत असताना मित्राच्या मामानं दुबईहून आणलेली एक कॅसेट माझ्या हाती लागली. त्यातलं इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण मध्येच गिटार अशी किंचाळायची की अंगावर काटा यायचा. आम्ही हर्सूलला राहायचो, वडील कोर्टात कारकून. मी टेपला कान लावून डोळे मिटून बसलेला दिसलो की ते जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घ्यायचे.

"गाणं ऐकून कुणी असं डोलत नाय," ते म्हणायचे. "खरं सांग, काय चालू केलंस?"

आईनं तर माझ्या उशीचा अभ्रा उसवून पाहिला. आत कापूसच निघाला, तरी तिचं समाधान झालं नाही.

त्या वर्षी गणपतीत आमच्या गल्लीत ऑर्केस्ट्रा आला. एका जुन्या हिंदी गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये, मागं अंधारात उभ्या असलेल्या गिटारवाल्यानं अचानक तसाच सूर लावला. लांब, फाटलेला, वर चढत जाणारा. मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं स्पीकर बिघडला. ते वायरी तपासत पळाले, लोक खो खो हसले. गिटारवाल्यानं मान खाली घातली आणि मुकाट पुढचं कडवं धरलं. मी जागचा हललो नाही. कॅसेटमधला तो आवाज आमच्याच शहरात कुणीतरी काढत होतं!

मित्राचं आणि माझं ठरलं, ह्या माणसाचा सत्कार करायचा. शाल, नारळ, हार, सगळं रीतसर. चौकशी केल्यावर कळलं की तो चिकलठाण्याला कारखान्यात कामाला आहे आणि छावणी भागात राहतो. आम्ही सायकली काढल्या.

त्यानं दार अर्धंच उघडलं. "कोणी पाठवलं?"

"कोणी नाही सर. तुमचा सत्कार करायचाय."

"माझा? कशापायी?"

"गणपतीत वाजवलंत ना, त्यासाठी."

त्याच्या कपाळाला आठी पडली. "अजून हसून झालं नाय व्हय लोकांचं? मागं कामावरच्या पोरांनी असाच सत्कार केला होता. डबा दिला छान कागदात बांधून. उघडला तर आत तुटक्या तारा."

मित्रानं माझी बाही ओढली. मी तसाच उभा राहिलो. तेव्हा तो म्हणाला, "काय वाजवलं होतं मी? म्हणून दाखव."

पायरीवर उभा राहून मी तोंडानं तो अख्खा तुकडा म्हटला. शेजारची खिडकी उघडली. मित्र लाजून चपलेकडं बघत राहिला. गिटारवाला कडीवर हात ठेवून ऐकत होता.

"शेवटच्या सुराला खाली नाय आलो मी," तो म्हणाला. "वरच सोडलं होतं."

"तेव्हाच अध्यक्ष धावत आले ना सर, नीट ऐकू आलं नाही."

तो हसला, पण दार तेवढंच उघडं राहिलं. त्या फटीतूनच त्यानं रविवारी यायचं कबूल केलं.

रविवारी संध्याकाळी मित्राच्या गच्चीवर दहाबारा जण जमलो. गिटारवाला आला आणि जिन्याच्या तोंडाशीच बसला. शाल अंगावर घ्यायच्या आधी त्यानं ती झटकून पाहिली, नारळ कानाशी धरून हलवला. तेवढ्यात माझे वडील न बोलावता वर आले आणि पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिले. मी काय उद्योग करतो ते त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

मग त्यानं गिटार स्पीकरला जोडली आणि तो तुकडा पहिल्यापासून वाजवला. ह्या वेळी कुणी वायरी बघायला धावलं नाही. शेवटचा सूर त्यानं खरंच वर सोडून दिला. मी वळून पाहिलं तर वडील टाकीच्या कट्ट्यावर बसलेले होते.

निघताना ते त्याच्याजवळ गेले. "हे माझ्या ह्या पोराला शिकवता का?"

त्यानं त्यांना नीट न्याहाळलं. "ह्याला खरंच शिकायचंय, का तुम्हाला माझ्यावर नजर ठेवायचीय?"

"दोन्ही," वडील म्हणाले.

पुढच्या रविवारी मी छावणीत गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं. मला आपादमस्तक न्याहाळून ती म्हणाली, "तूच व्हय तो? ये बाबा आत. सकाळपासून नव्या तारा लावत बसलेत."