माईकवरचे सलाम

एरेंदिरा साल्दिवार शाळेत माझी विद्यार्थिनी होती. उत्तर येत असलं तरी आधी इकडेतिकडे बघायची, मग हळूच बोलायची. घरची सवय. तिचे वडील फिदेन्सियो आमच्या बॉइल हाइट्स वस्तीतल्या लग्नाबारशांत कुंबिया नाचगाण्यांच्या रेकॉर्डी वाजवत. प्रत्येक रेकॉर्डवरचं लेबल त्यांनी खरवडून काढलं होतं. दुसऱ्या वाजवणाऱ्याला गाण्याचं नाव कळता कामा नये. पोरीनं विचारलं तर म्हणत, "तुला कशाला? रामिरोला सांगेन."

रामिरोनं, म्हणजे तिच्या भावानं, पुढे वडिलांचे स्पीकर विकले आणि रेकॉर्डी गॅरेजात टाकल्या. एरेंदिरानं त्या पुसल्या, ऐकून ऐकून, जुन्या लोकांना विचारून एकेक गाणं ओळखलं आणि मैत्रीण चायोला घेऊन रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये वाजवू लागली. आईबापांच्या गाण्यांची लाज वाटणाऱ्या पोरी तिथे आज्यांकडून नाचाची पावलं शिकू लागल्या.

गाणं चालू असताना माईकवरून नावं घेऊन सलाम द्यायचे, ही आमच्याकडची रीत. वडिलांनी एकदा तरी आपलं नाव घ्यावं, एवढंच एरेंदिराला हवं होतं. म्हणून रविवारच्या या नाचाच्या वाढदिवसाला तिनं त्यांना बोलावलं आणि स्वतः माईक हातात दिला.

त्यांनी खाटकाला सलाम दिला, मक्याचे तमाले विकणाऱ्या बाईंना दिला, न आलेल्या रामिरोलाही दिला. मग म्हणाले, "या पोरींनी माझं गॅरेज झाडलं आणि दुकान मांडलं. एखादीला गाण्याचं नाव विचारा बरं!"

हॉल हसला.

"बाबा, माझं नाव राहिलं."

"झाडूवालीला कुणी सलाम देतं का गं?"

"म्हाताऱ्याच्या माईकची वायर ओढू?" चायो कुजबुजली.

एरेंदिरानं नाही म्हणून मान हलवली. माईक घेतला, रेकॉर्ड लावली आणि गाण्याचं नाव, बँडचं नाव, सगळं मोठ्यानं सांगितलं. पुढच्या रेकॉर्डींचंही. मधेमधे सलाम दिले: खाटकाला, आज्यांना, मला, दारातल्या पोरांना. दर नावाला फिदेन्सियो हॅट काढून तयार होत आणि पुन्हा घालत.

गाणी संपल्यावर ते माझ्याजवळ आले. "बाई, मला नीट ऐकू येत नाही. माझं नाव झालं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग पुढच्या गाण्यात घेईल."

खुर्च्या रचून झाल्या, चायोनं वायरी गुंडाळल्या, तरी ते हॅट हातात धरून उभेच होते. एरेंदिरा रेकॉर्डींची पेटी घेऊन त्यांच्यापाशी थांबली.

"जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "दार अडवलंय तुम्ही."