खिडक्या उघडणारी सिस्टर

कोल्हापूरजवळच्या एका शाळेत मी नवी शिक्षिका होते. आठवीच्या मुलींना आरोग्याची माहिती द्यायला एक सिस्टर आली. मुख्याध्यापकांनी आधीच वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. तिनं पदर खोचला, सगळ्या खडाखड उघडल्या आणि मोठ्यानं पाळीबद्दल सांगू लागली.

"बाई, जरा हळू बोला," ते दारातून म्हणाले.

"माझी आई हळूच बोलत हुती, सर. पाळी जाऊन पाच वर्सं झालेली, तरी रक्त जाया लागलं. घरच्यांनी दर खेपंला तिला चार दिवस बाजूला बसवलं, दवाखान्यात न्हाय नेलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हुता. त्यातच गेली."

मुख्याध्यापकांनी शाळेच्या नोंदवहीत तिच्या नावापुढं शेरा लिहिला, 'बाईंची भाषा असभ्य.'

असभ्य म्हणे. आणि त्या शेऱ्याखाली साक्षीदार म्हणून सही मी केली.