यादीतलं पहिलं नाव

इस्पितळाच्या तीन इमारती, तीन सर्व्हर आणि तिन्हींवर अकराशे माणसांची एकच यादी. ज्याचं नाव यादीत, त्याच्यासाठीच संगणक उघडणार. एका सर्व्हरवर केलेला बदल उरलेल्या दोघांवर पोचवणारं जुनं सॉफ्टवेअर काकांनी एकोणीस वर्षं सांभाळलं. माझ्यापेक्षा त्याच्याच खोड्या ह्यांना जास्त पाठ आहेत, असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

आता ते काढून नवं बसवायचं होतं. जुनं बिचारं हाताने घातलेल्या नावांच्या वाटेला जात नसे. नवं शिस्तीचं. आस्थापना विभागाच्या नोंदीत नाव नसेल तर सरळ उडवायचं. हा नियम काकांनीच घातला, तोही मोठ्या हौसेने. बसवण्याआधी नव्याने उडणाऱ्या एक्केचाळीस नावांचा अहवाल छापून दिला, त्यावर त्यांनी दोन दिवस डोळ्यांत तेल घालून खुणा केल्या. निवृत्त झालेले, सोडून गेलेले, वारलेले. पहिलंच नाव त्यांचं स्वतःचं होतं. आता याला काय म्हणावं? प्रत्येक अहवालावर वरती काम करणाऱ्याचं नाव छापून येतंच, हेही तेच असणार, असं समजून ते पुढे सरकले.

सोमवारी सकाळी संगणक त्यांना ओळखेना. पासवर्ड चुकला? बोटं चुकली? तीनदा खटपट करून काका पुरते गोंधळले आणि तिसऱ्या इमारतीकडे धावले. तिथे बदल पोचायला अजून वीस मिनिटं होती. तिथला संगणक उघडला, आणि उडालेल्यांत पहिलं आपलंच नाव पाहून त्यांचं डोकं चालेना. काका कंत्राटदारामार्फत आलेले, आणि अशांची आस्थापनेत नोंदच नसते. कामावर आल्या दिवशी काकांनी स्वतःला हाताने यादीत घातलं होतं आणि पुढे ते साफ विसरले होते.

नाव पुन्हा घालावं, तर पुढच्या फेरीत नियम ते पुन्हा उडवणार. नियम काढावा, तर एवढा खटाटोप कशासाठी केला? शेवटी त्यांनी आस्थापनेतल्या बाईंना फोन लावला. सगळं ऐकून बाई हसल्या नाहीत, याचं काकांना फार बरं वाटलं.

"काका, तात्पुरतं का होईना, आत्ताच घालते," त्या म्हणाल्या. "हुद्दा काय लिहू?"

अकराशे जणांचे हुद्दे काकांना तोंडपाठ होते. इथला संगणक बंद व्हायला चार मिनिटं उरली होती.

"विचारून सांगतो," ते म्हणाले, आणि कुणाला विचारायचं तेच त्यांना कळेना.