खडीवर कळलेला सिनेमा

दुष्काळाच्या साली नळदुर्गजवळ रस्त्याच्या कामावर आम्ही खडी फोडत होतो. माझ्या शेजारी लोहाऱ्याकडची एक बाई बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे मावशीच म्हणायचे. हातोडा उचलायच्या आधी ती पदर कानामागं खोचायची, आणि हातोड्याबरोबर तोंडही सुरू व्हायचं.

तेव्हा गावात तंबूत एक गाण्यांचा सिनेमा लागला होता. मी तो पाहून सोडून दिला होता; मावशीनं मात्र तो कामावरच्या सगळ्या बायांना रंगवून सांगितला होता.

"सरपंच काय गातो, सावकार काय नाचतो! निस्ता पोरखेळ," मी म्हणालो.

मावशीनं हातोडा खाली ठेवला. "झोपला व्हतास का रं? त्यात गरीब मानूस एकदा तरी गातो का? त्यो सरळ बोलतो. ज्याला लबाडी करायची, त्योच गातो. जेवढी मोठी लबाडी, तेवढं गोड गानं!"

मी हसण्यावारी नेलं.

दोन दिवसांनी सोसायटीचे चेअरमन जीपमधून आले. त्यांनी कबूल केलेला पाण्याचा टँकर कामावर कधीचा फिरकला नव्हता. खडीच्या ढिगावर चढून त्यांनी हात जोडले. "माझ्या मायमाउल्यांनो..."

मावशीनं रिकामं घमेलं पालथं घातलं आणि बोटांनी ठेका धरला. बायांनी एकमेकींकडं पाहिलं, आणि एकेक घमेलं वाजू लागलं.

चेअरमनना वाटलं, आपलं स्वागतच चाललंय. त्यांचा आवाज आणखी गोड झाला. "टँकर उद्या सकाळी दारात!"

मग मीही माझं घमेलं पालथं घातलं.