एकशे तीस-ऐंशी

बुलढाण्याच्या एका दवाखान्यात मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. बाबा दर महिन्याला धामणगाव बढ्याहून एसटीनं यायचे आणि माझ्यासमोर बाही वर करून बसायचे. बीपी मी स्वतः मोजायची. एकशे तीस-ऐंशी, फार तर दोन-चार इकडेतिकडे. मग काय, मी मिरवायची. कुणी गोळ्या सोडून डोकं धरून आला की त्याला झापायची, माझ्या बापाकडे बघा म्हणायची, सत्तरीचा माणूस, एक दिवस चुकत नाही.

एका मंगळवारी दुपारी माझ्याच ड्युटीत त्यांना गाडीतून उतरवलं. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. पट्टा मीच बांधला. दोनशे तीस. दुसऱ्या हातावर मोजलं, तेच.

सोबत आलेल्या मायचं एकच पालुपद, जिभेखाली गोळी ठेव, बीपी खाली आण. डॉक्टर नको म्हणाले. एकदम उतरवलं तर मेंदूला आहे तेवढंही रक्त पोचणार नाही, आधी सीटी स्कॅन करू. मग त्यांनी मला विचारलं, गोळ्या रोज घेतात?

"रोज, सर. मीच मोजते ना."

त्यांनी तसं लिहून घेतलं. गोळ्या चालू असताना इतकं वाढलं कसं म्हणून किडनीच्या तपासण्या सांगायला लागले. तेव्हा मायनं मला पडद्यामागं ओढलं.

"तुह्याकडे यायच्या चार दिवस आंधी घेत जात. बाकी महिनाभर डबी उघडतच नव्हते."

काऊन, म्हटलं. गोळीनं गळाल्यासारखं होते म्हणत. आणि बीपी वाढलेलं निघालं तर पोरगी चार लोकांत बोलते म्हणत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. रोज फोनवर 'घेतली, घेतली' म्हणणारी हीच माय! दोघांनी मिळून मला फसवलं, तेही माझ्याच मशीनवर. डॉक्टरांपुढे जाऊन, सर, मी सांगितलं ते खोटं होतं, म्हणताना मान वर होत नव्हती.

बाबा वाचले, वाचा गेली. किती भांडायचं होतं मला त्यांच्याशी. आता कुणाशी भांडू?

सध्या ते माझ्याकडेच असतात. सकाळी गोळी देते, पाणी पाजते आणि म्हणते, बाबा, जीभ उचला. ते मुकाट उचलतात, डोळे भरतात त्यांचे. तरी मी गालातून बोट फिरवून बघते.